बॉनेटवरची किल्ली

डेंटरच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे. ते ऐकून डेंटर मान खाली घालायचा, पण अजून कोणी दोन शब्द बोललं तर ऐकावेत म्हणून जागचा हलायचा नाही. चेपलेलं दार, दुमडलेला मडगार्ड, आत गेलेली डिकी, काहीही आणा. तो आधी डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचा. डोळ्याला दिसत नाही तो खोलगा तळहाताला सापडतो, असं त्याचं म्हणणं. मग मागून लोखंडी ठोकळा धरून पुढून असे हलके ठोके द्यायचा, की शेजारच्या शिंपीणबाईंची दुपारची डुलकीसुद्धा मोडत नसे.

असा गुणी माणूस सुखात असायला काही हरकत नव्हती. पण त्याला एक साडू होता.

साडू चष्मे विकायचा. उंच, हसरा, बोलता बोलता समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारा. डेंटरच्या बायकोची धाकटी बहीण त्याला दिली, त्या दिवशी डेंटरच्या पोटात दुखायला लागलं ते थांबलंच नाही. सासरी गेलं की चष्मेवाल्याला गादीची खुर्ची आणि डेंटरला स्टूल. थोरल्या जावयाला स्टूल, हा कुठला न्याय? खरं तर कपड्यांचं ग्रीस गादीला लागू नये म्हणून स्टूल तो स्वतःच ओढून घ्यायचा, पण हे त्याला सांगणार कोण. सासऱ्यांना चष्मा लागला तो चष्मेवाल्याने करून दिला. तो डोळ्यांवर चढवून सासऱ्यांनी सगळ्यात आधी चष्मेवाल्याकडे पाहिलं, याची नोंद डेंटरच्या मनात पक्की होती.

आता हे सगळं चहाच्या पेल्यातलं वादळ म्हणून तिथेच राहिलं असतं. पण दोघांनाही एकच खूळ लागलं.

गावाबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण होती. तिच्या सपाट तळावर हौशी लोकांची मोटारशर्यत भरायची. गाड्या फक्त जुन्या, चार दारांच्या, भंगारात जायच्या बेताच्या. पैसेवाल्यांनी येऊन मजा घालवू नये म्हणून पंचांनी, म्हणजे निवृत्त झालेल्या एका क्रेनवाल्याने, एक नियम केला होता. शर्यत संपली की हरलेल्यांपैकी कोणीही आपली किल्ली जिंकलेल्या गाडीच्या बॉनेटवर ठेवावी. ठेवली, की दोन गाड्यांची अदलाबदल. जिंकणाऱ्याला नाही म्हणायची सोय नाही. त्यामुळे गाडीवर पैसे ओतण्यात अर्थच नव्हता. ओतून जिंकलात तर गाडी दुसऱ्याच्या दारात आणि त्याचा खटारा तुमच्या. नियम होता, पण वापरत कोणी नसे. ओळखीच्या माणसाच्या बॉनेटवर किल्ली ठेवणं म्हणजे त्याच्या पंगतीला जेवून जाताना त्याचंच ताट काखेत मारणं, असं सगळे मानत.

डेंटरची गाडी छपरावर झाड पडून चपटी झालेली होती. भंगारवाल्याच्या ट्रकचं नाक सरळ करून दिलं, त्याच्या बदल्यात ती मिळाली. छप्पर त्याने आतून इंच इंच वर घेतलं. उलटली तर डोकं वाचावं म्हणून आत पाइपांचा पिंजरा केला; पाइप वाकवताना चिमटू नयेत म्हणून त्यांत कोरडी वाळू ठासून भरली. मागची सीट, गालिचे, दारांची अस्तरं, वजन वाढवणारं जे जे होतं ते काढून टाकलं. ड्रायव्हरची सीट एका मोडक्या व्हॅनमधून आली. दारं नियमाप्रमाणे वेल्डिंगने बंद केली, आणि मग डेंटरला खिडकीतून आत शिरताना पाहायला गल्ली जमायची, कारण पोट शेवटी शिरायचं.

रंग मात्र बायकोचा. पाणी मारत मारत सगळा पत्रा तिने घासला, काचांना वर्तमानपत्रं चिकटवली आणि उरल्यासुरल्या डब्यांतलं थोडं थोडं एकत्र करून एक हिरवट निळा रंग जमवला. त्याला नाव नव्हतं, आणि पुन्हा करायला गेली असती तर तो जमलाही नसता. फवारणी ती स्वतः शिकली. गाडी वाळल्यावर दोघं खोक्यांवर बसून तिच्याकडे नुसती बघत राहिली होती. लग्नानंतर इतका वेळ गप्प आणि खूश अशी ती दोघं कधी बसली नव्हती.

त्याच जातीची गाडी चष्मेवाल्यानेही कुठून तरी उचलली. बॉनेट तारेने बांधलेलं, चार चाकं चार घरची. आणि पहिल्याच शर्यतीत तो पहिला आला. दुसऱ्यांदाही आला.

"गाडीत काहीतरी आहे," डेंटर घरी म्हणाला. "उगाच नाही तो बॉनेट उघडून दाखवत."

"तुम्ही दाखवा म्हणालात का कधी?" बायको म्हणाली.

"मी कशाला म्हणू?"

"मी काठावरून बघते ना. वळणावर कोणी जवळ आलं की तुमचा पाय ब्रेकवर जातो. तुम्ही गाडी चालवत नाही हो, गाडी सांभाळता."

हे त्याला झोंबलं, कारण खरं होतं. पत्र्याला पत्रा घासला की काय होतं हे त्याला जन्मभर माहीत होतं, आणि तो पत्रा त्याचा होता. पण खरं कबूल करण्यापेक्षा साडूच्या गाडीत चोरपुर्जा असणं केव्हाही सोयीचं. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे तर अंगण साडूचं होतं.

तिसऱ्या शर्यतीत शेवटच्या वळणापर्यंत डेंटर पुढे होता. चष्मेवाला आतल्या बाजूने घुसला, डेंटरचा पाय ब्रेकवर गेला, आणि संपलं. धूळ बसली तेव्हा चष्मेवाला खिडकीतून अर्धा बाहेर येऊन लोकांशी हात मिळवत होता. मग डेंटरपाशी आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "साडूभाऊ, काय गाडी बनवलीय तुम्ही. चकचकीत. बघतच राहावंसं वाटतं."

चांगलं बोलला बिचारा. पण डेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बघतच राहावंसं वाटतं, म्हणजे पळायला नाहीच ती. त्याने खिशातून किल्ली काढली, ताडताड चालत गेला आणि ती साडूच्या बॉनेटवर ठेवली.

पंचांनी विचारलं, "नक्की ना?" डेंटरने मान हलवली. चष्मेवाल्याचं हसू जरासं हललं, पण त्याने लगेच ते जागेवर बसवलं आणि आपली किल्ली डेंटरच्या हातात दिली. "नियम तो नियम," म्हणाला. डेंटरने काठाकडे पाहिलं. धाकटी तोंडावर हात धरून उभी होती. थोरली उभीच नव्हती. ती चालत घराकडे निघालीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने ते बॉनेट उघडलं. तारेचं वेटोळं त्याने घाईघाईने सोडलं. आणि आत काय होतं? काही नव्हतं. एक प्लग मेलेला, म्हणजे इंजिनाचा एक कोपरा नुसता बसून खात होता. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. सीट दोरीने बांधलेली. पत्र्याखाली बोटभर पुट्टी थापलेली. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण हा तर डोंगरही नव्हता, उकिरडा होता. आणि या उकिरड्याने त्याला लागोपाठ तीनदा हरवलं होतं. चोरपुर्जा सापडला असता तर डेंटर मनातून किती सुखावला असता. आता साडूकडे काय होतं, ज्याचा हेवा करायचा? हात. पाय. छाती. ती तर अदलाबदलीत आली नव्हती.

बायको त्याच्याशी कामापुरतं बोलायची. "पाणी तापलंय." "दार लावून घ्या." बस. एकदाच तिने विषय काढला. "मला विचारलंत का? तो रंग माझा होता."

"परत आणतो."

"कशी?"

डेंटरने त्यावर बराच विचार केला होता आणि त्याला आपल्या कर्माचं हसू यायचं बाकी होतं. किल्ली ठेवता येते ती फक्त जिंकलेल्या गाडीवर. म्हणजे आपली गाडी परत हवी असेल, तर ती चालवणाऱ्या साडूने जिंकायला हवं. ज्याच्या प्रत्येक विजयाने आपण जळलो, त्याच्या विजयासाठी आता हात जोडून बसायचं.

"साडूभाऊंना जिंकू द्यायचं," तो म्हणाला, "आणि किल्ली ठेवायची."

"मग द्या जिंकू," बायको म्हणाली. "त्यात तुम्हाला कुठे जड आहे? सवय आहे."

खटारा हाताशी होता, आणि डेंटरच्या हाताला गप्प बसायची सवय नव्हती. हरायलाच जायचं, तरी मोडकी गाडी घेऊन कसं जायचं? त्याने प्लग बदलला, ब्रेक सरळ केले, सीट नीट बसवली. पुट्टी मात्र नुसती खरवडून काढली. पोचे तसेच ठेवले. साडूचे पोचे आपण कशाला काढायचे, हा हट्ट. रंगही दिला नाही.

पुढच्या शर्यतीला खाणीत ऊन रखरखत होतं. चष्मेवाला हिरवट निळी गाडी घेऊन आला. ती गाडी दुसऱ्याच्या हाताखाली अशी वळते, अशी थांबते, हे पाहून डेंटरने नजर फिरवली आणि पुन्हा तिच्याकडेच वळवली. आपली वस्तू परक्याच्या घरात जास्त शोभावी, याहून वाईट जळणं नाही.

झेंडा पडला. डेंटरने ठरवल्याप्रमाणे साडूला पुढे जाऊ दिलं आणि मागे राहिला. पण एक गोष्ट त्याने हिशेबात धरली नव्हती. खटाऱ्याला काय घासायचं राहिलं होतं? उजवीकडून कोणी धडकलं, डेंटरला काहीच वाटलं नाही. डावीकडून दगड आला, लागू दे. वळणावर पाय ब्रेकवर गेलाच नाही. एकामागून एक गाड्या मागे पडत गेल्या आणि शेवटच्या फेरीला समोर फक्त ती एक राहिली. तिचं छप्पर. त्याने आतून इंच इंच वर घेतलेलं.

मागे राहा, तो स्वतःला म्हणत होता. मागे राहा, गाडी परत मिळेल, बायको बोलायला लागेल. शेवटचं वळण आलं. चष्मेवाल्याने थोडी वाट बाहेरून घेतली आणि आत एक फट राहिली. गाडी जाईल एवढी नव्हती. घासत गेली तर जाईल एवढी होती.

सासऱ्यांची ती खुर्ची डेंटरला त्याच क्षणी आठवावी, याला काय म्हणायचं? त्याने पाय खाली दाबला. पत्र्याला पत्रा घासल्याचा आवाज त्याच्या दातांतून गेला. जन्मभर जो आवाज पुसायचं काम त्याने केलं, तो त्याने स्वतः घडवलेल्या त्या हिरवट निळ्या दारावर काढला. आणि तो पुढे गेला. पहिला.

लोकांनी त्याला खिडकीतून ओढून काढलं, पोटासकट. पंचांनी कप हातात दिला. डेंटर हसत होता आणि हसता हसता त्याचं लक्ष काठावर गेलं. बायको त्याच्याकडे बघत होती. रागाने बघती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, दुकानात भाव परवडत नाही म्हणून वस्तू परत ठेवावी तशी. मग कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. जिंकलेली गाडी हा खटारा होता. ती हिरवट निळी गाडी हरली होती, आणि हरलेल्या गाडीवर कोणालाच किल्ली ठेवता येत नाही. हातचं गेलं होतं, आणि त्यानेच घालवलं होतं.

चष्मेवाला गाडीतून उतरून येत होता. कपाळाला धूळ, तोंडभर हसू. डेंटरला वाटलं, आता खांद्यावर हात ठेवणार. त्याने खांदा आधीच आवळून घेतला. पण चष्मेवाला त्याच्याजवळून पुढे गेला, खटाऱ्यापाशी थांबला आणि त्याने खिशातली किल्ली बॉनेटवर ठेवली.

"नक्की ना?" पंचांनी विचारलं.

"नक्की म्हणजे काय," चष्मेवाला म्हणाला. "माझी गाडी साडूभाऊंनी एवढी दुरुस्त करून ठेवली, आणि मी सोडू होय? तुमचं दार मात्र जरा चेपलंय हो, साडूभाऊ. पण ते तुम्हीच चेपलंत, मी नाही."

सगळे हसले. धाकटी हसली, थोरलीही हसली, किती दिवसांनी. डेंटर साडूच्या तोंडाकडे बारकाईने बघत राहिला. कुठे टोमणा आहे का, कुठे उपकार केल्याचा तोरा आहे का. पत्र्यावरून तळहात फिरवावा तशी नजर फिरवली, पण कुठे खोलगा म्हणून सापडेना.

घरी जाताना तो खिडकीतून आपल्याच गाडीत शिरला. बायकोला आत घ्यायची सोय नव्हती, म्हणून ती बहिणीबरोबर बसने येणार होती. निघण्यापूर्वी ती खिडकीपाशी आली, चेपलेल्या दारावरून हात फिरवला आणि म्हणाली, "रंग पुन्हा तसाच जमणार नाही. पण बघू." मग हळूच म्हणाली, "जिंकलात की."

कप त्याच्या मांडीवर होता. गाडी बुडाखाली होती. बायको बोलायला लागली होती. पुढे रस्त्यावर त्याने दुरुस्त केलेला खटारा धुरळा उडवत चालला होता आणि चष्मेवाला खिडकीतून हात बाहेर काढून त्याला टाटा करत होता. डेंटरनेही हात वर केला. जे मागितलं ते सगळं आज मिळालं होतं, आणि तरी पोटात दुखत होतं ते दुखतच होतं. त्याच्या मनात एकच वाक्य फिरत राहिलं, हे असं मनाने मोठं होणंही त्यालाच सुचावं.