सुभेदारांचं लॉन

वाईट माणूस म्हणावं, तर सुभेदार सयाजीराव दारू प्यायचे नाहीत, बायकोवर हात टाकायचे नाहीत. सगळं माधवनगर त्यांना वाकून रामराम घालायचं. मी शालू, त्यांची शेजारीण. भिंतीपलीकडून सगळं ऐकत आले, म्हणून मी कधी घातला नाही.

पेन्शनीत आल्या आल्या त्यांनी घरापुढची जागा साफ केली. त्यांच्या बायकोचा, मालावैनींचा, मोगरा गेला, कढीपत्ता गेला, शेवगा गेला. तुळससुद्धा गच्चीवर धाडली. का, तर लॉन करायचं. पलटणीच्या ऑफिसर मेसपुढं इंग्रजांच्या वेळेपासून तसं लॉन होतं म्हणे. नवीन भरती झालेले सयाजीराव एकदा त्यावरून आडवे चालत गेले, तर साहेबानं भर उन्हात त्यांना रोलर ओढायला लावला. दुसरा कुणी असता तर जन्मात गवताचं तोंड बघितलं नसतं. यांनी मात्र ठरवलं, आपलंही असंच करायचं आणि कुणाला पाय टाकू द्यायचा नाही. नाकापेक्षा मोती जड!

येणाऱ्याला फाटकात उभं करून इतिहास सांगायचे. विलायतेत आधी जहागीरदाराच्या वाड्यापुढं मेंढरं चरून गवत आखूड ठेवायची, मग कापणारे गडी आले, मग यंत्र आलं. ज्याच्या दारात बिनपिकाची जमीन जास्त, तो मोठा माणूस. जतकडचा धुळा धनगर घोंगडी विकायला आला होता. तो सगळं ऐकून म्हणाला, "मंग आनू का मेंढरं?" त्याला परत फाटकाशी उभं केलं नाही.

कडेनं फुलं लावायचे. पॅन्सी, फ्लॉक्स, स्वीट पी. थंडीतली ती नाजूक जात, आणि ऊन सांगलीचं. दिवाळीला लावलेली रोपं होळीला माना टाकायची, आणि दोष कुणाचा? वैनींचा. पाणी वेळेवर घातलं नाही म्हणून त्यांना वाफ्यापुढं उभं करून बोलायचे, जवानाला झापावं तसं. बरं, पाणी घालताना वैनी उभ्या कुठं राहायच्या? सिमेंटच्या कडेवर. गवतावर पाय ठेवायची मुभा त्यांनाही नव्हती.

पुढं वैनींना शुगर निघाली. तळपायांची नुसती आग व्हायची. कुणीतरी सांगितलं, दव पडलेल्या गवतावर अनवाणी चाला, बरं वाटेल. सुभेदार कात्रीनं गवताची कड सारखी करत होते, तेव्हा वैनींनी माझ्यासमोरच विचारलं. "आवं, सकाळी जरा कडंकडंनं चालू का?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुला बरं वाटंल, पन गवतात वाट पडंल. बंद गिरणीच्या आवारात मोकाट गवत हाय, तिकडं जा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वैनी मात्र खाली मान घालून गेल्या, आणि खरंच रोज गिरणीत जाऊ लागल्या. तिथं गवतात गंजका खिळा होता. शुगरच्या पायाला आग कळते, पण टोचलेलं कळत नाही, हे आम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. वैनी घरी आल्या तेव्हा फरशीवर रक्ताचे ठसे उठलेले मीच दाखवले. जखम चिघळली. आधी बोट गेलं, मग गुडघ्याखालून पाय.

सांगलीच्या दवाखान्यात सुभेदार रोज जायचे, पण लॉनला पाणी द्यायच्या वेळी घरी हजर. एकदा ते निघून गेल्यावर वैनींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "शालू, आता येकच पाय उरलाय. आता तरी वाट पडायची न्हाई. इचार की त्यास्नी."

मी विचारलं. ते म्हणाले, कुबडीनं गवतात भोकं पडतात.

कुबडी यायच्या आतच वैनी गेल्या. मेलेल्या माणसाला दारात आंघोळ घालायची आपली रीत, आणि दारात जागा ती एवढीच. कढत पाण्याचं पातेलं बघून सुभेदार पुढं आले. "फाटकाबाहेर घ्या. असल्या पान्यानं गवत करपतंय."

पुरुष मंडळी खरंच वळायला लागली हो! तेवढ्यात कराडहून आलेली त्यांची लेक संयोगिता चपला काढून गवताच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "आईला हितं आना," एवढंच म्हणाली.

सुभेदार आत गेले. मला वाटलं, शरमले. ते ताडपत्री घेऊन बाहेर आले. लेकीला बाजूला सारून त्यांनी ती स्वतःच्या हातानं अंथरली, चारी कोपरे ताणून घेतले. पोरगी हुंदके देत बघत राहिली. वैनींना ताडपत्रीवर निजवलं.

मला राहवलं नाही. मी वैनींचा उरलेला पाय धरला, ताडपत्रीबाहेर ओढला आणि गवतावर टेकवला. सुभेदारांनी ते बघितलं. मी पहिला तांब्या भरला तसे जवळ आले.

"पायावर जरा गार पानी घाला," ते म्हणाले.

भावकीतल्या बायकांनी डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, लय माया होती बाई.