फिलीपदादांचा न आलेला निरोप

फिलीपदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशिमच्या स्टँडवर गाडी मागे घेत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, “थोमा, गेले रे तुहे दादा.” मला रडू आलं नाही, राग आला. काही आठवडे उलटले, पण तो राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर असं रागावणं पाप आहे का, हे मी फादरांना विचारलेलं नाही. ते बहुधा नाही म्हणतील, आणि एवढ्या सहज सुटण्याची माझी लायकी नाही.

एसटीत दादा कंडक्टर, मी त्यांचा ड्रायव्हर. वाशिमजवळच्या आमच्या मालेगावात कॅथलिक घरं बोटांवर मोजण्याइतकी. फादर महिन्यातून एकदा येतात आणि दादांच्या पुढच्या खोलीत मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, होते. बाकीच्या रविवारी तिथेच दादा शास्त्रवाचन करायचे, पोरांना धर्मशिक्षण द्यायचे. गाडीवर मात्र त्यांचं खरं काम निरोप पोचवायचं. घरोघरी फोन नव्हते तेव्हा अनसिंगच्या फेरीत बायका खिडकीशी येऊन सांगायच्या, माझ्या मायले हे सांगा, भावाले ते सांगा. दादा तिकिटाच्या पैशांपेक्षा ते निरोप जास्त जपायचे. एकदा त्यांच्या सुटीच्या दिवशी दुसऱ्या कंडक्टरने एका लेकीचा “दिवाळी झाल्यावर येते” हा निरोप “दिवाळीले येते” असा पोचवला. तिच्या म्हाताऱ्या आईला बरं वाटावं म्हणून. ती म्हातारी सणाचे सगळे दिवस स्टँडवर येऊन बसली. दादांनी त्या कंडक्टरला डेपोत सगळ्यांसमोर झापलं. “कोणं सांगतलं होतं तुले गोड करून सांगाले? निरोप तुह्या बापाचा हाये काय?”

त्यांची श्रद्धाही तशीच होती. पोरं विचारायची, देव आधी संदेष्ट्यांशी बोलायचा, मग आता काहून नाही बोलत? दादा म्हणायचे, “लोकाइच्या हाती निरोप धाडून धाडून थकला, मंग येशू होऊन सोताच आला. मानूस घरात येऊन बसल्यावर त्याचा निरोप बाहेरच्याले विचारता काय बे?” येशूच्या शेवटच्या प्रेषिताबरोबर देवाचं प्रकटीकरण पूर्ण झालं, त्यात आता भर पडायची नाही, समजून घ्यायचं मात्र जन्मभर उरतं, ही चर्चची शिकवण त्यांनी आम्हाला अशी दिली. मी मुद्दाम छेडायचो, मग पवित्र मरिया लोकांना दिसते ते काय? ते चिडायचे नाहीत. “दिसली तं दिसली. तिले अडवणारा मी कोण? चर्च तपासते, खरं वाटलं तं हो म्हणते. पन त्यानं शुभवर्तमानात एक ओळ वाढत नाही, आन् कोणावर मानन्याची सक्ती बी नाही.”

दादांची किडनी गेली आणि घरी स्वतःला ‘भाऊ’ म्हणवणारा एक प्रार्थनावाला यायला लागला. तो आमच्या चर्चचा नव्हता, कुठल्याच चर्चचा नव्हता. डोळे मिटायचा आणि “प्रभूने मला आत्ताच दाखवलं” म्हणून सुरू व्हायचा. वहिनी पदर पसरून ऐकायच्या. दादा भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला त्या माणसाची चीड यायची, आणि त्याने काहीतरी चांगलं दाखवावं असंही वाटायचं... दोन्ही एकदम.

शेवटच्या भेटीत मी दादांचा हात धरून म्हणालो, “दादा, तिकडं पोचल्यावर एखादी खूण करा. मले तेवढं पुरन.”

“अबे, पोचल्यावर मिस कॉल देऊ काय तुले?” ते हसले, खोकले. मग हात घट्ट धरला. “माह्या नावानं कोणी निरोप आणला तं त्याले दारातच थांबोव. शबूद दे.”

मी शब्द दिला. खुणेचीही वाट बंद करून गेले, पहिला राग आला तो याचाच.

दादा गेल्यानंतर महिन्याच्या मिस्सेला फादर आले, आणि ती संपताच तो भाऊ आलाच. सगळ्यांसमोर म्हणाला, “फिलीप मला दिसला. पांढऱ्या वस्त्रात. म्हणाला, शांताला सांग, मला माफ कर. आणि पुढची खोली या भावाच्या प्रार्थनेला दे.” वहिनी हुंदका देऊन खाली बसल्या. त्या हुंदक्याचं कारण मला माहीत होतं. त्यांची रोझी परजातीत लग्न करून गेली तेव्हा दादांनी वहिनींना पोरीच्या लग्नाला जाऊ दिलं नव्हतं. त्याबद्दल दादा कधी एक अक्षर बोलले नाहीत.

मी त्या माणसाला दंडाला धरून बाहेर काढलं. “मेलेल्या मानसाच्या तोंडून खोली मागतं? लाज नाही वाटत?” तो म्हणाला, “तुझ्यात विश्वास नाही.” मी हात उगारला होता, फादरांनी धरला म्हणून थांबलो. आत येऊन मी वहिनींना म्हणालो, “वयनी, खोटं हाये ते. दादा तुमाले शांता म्हणत होते काय कधी? जलमभर रोझीची माय म्हणत आले.”

“मले माहीत नाही काय?” वहिनींचा आवाज चढला. “पयल्याच शब्दाले समजलं मले. खोली नाही देत मी त्याले, तू नोको शिकवू. पन शांता म्हणलं, माफी मांगतली... खोटी का होईना, घडीभर राहू द्याची होती माह्यापाशी. तुमी दोघं बी सारखेच. एकानं सांगतलं नाही, दुसरा सांगू देत नाही!”

दिलेला शब्द पाळून मी एका बाईच्या हातातलं होतं नव्हतं तेवढं काढून घेतलं. आणि दादा, तुमच्यावर आता संताप येतो तो यासाठी: देवाने काही राखून ठेवलं नाही, सगळं सांगून टाकलं, असं जन्मभर शिकवणारा माणूस स्वतःचं एक वाक्य पोटात ठेवून गेला. ते चार पावलांवर, स्वयंपाकघरात सांगायचं होतं. त्यासाठी ना स्वप्न लागत होतं, ना संदेष्टा.

पुढच्या रविवारी फादर येणार नव्हते. आत जावं की नाही या विचारात मी वहिनींच्या दारात उभा राहिलो. वहिनींनी सतरंजी अंथरली होती. माझ्याकडे न बघता त्यांनी वाचनाचं पुस्तक माझ्या हातात दिलं. “वाच. तुले तं लय येते.” मी त्या दिवसाचं वाचन वाचलं. आवाज कडकच होता, पण होतं तेवढंच वाचलं. वाचून झालं की दादा पुस्तक मिटून बराच वेळ गप्प बसायचे, पोरं चुळबुळ करायची, मी घड्याळ बघायचो. मीही पुस्तक मिटलं. कोणी उठलं नाही. वहिनी समोरच्या भिंतीकडे टक लावून बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून, जणू तिकडे तोंड करून पडलेले दादा आता तरी बोलतील... मी घड्याळाकडे बघितलं नाही.