राखीव पिंपं

वाइनरीत सगळेच तिला वहिनी म्हणत. माल न्यायला येणारे, तिच्याहून वयाने मोठे ट्रकवालेसुद्धा. लग्न होऊन आली तेव्हा तिला आंबलेल्या द्राक्षांचा वासही सोसत नसे. नवऱ्याने चेष्टा करत करत तिला तळघरात नेलं आणि पिंपं धुवायला, भरायला, चाखायला शिकवलं. पुढे तळघर तिचंच झालं. चप्पल घालून आत आलेल्या सासऱ्यांनाही तिने एकदा बाहेर काढलं होतं.

एका हंगामात नवरा आंबत्या रसाच्या टाकीवर वाकला, आत साठलेल्या वायूने गुदमरला आणि रसातच पडला. बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या टाकीतला रस ओतून द्यायचा, असं घरात ठरलं. वहिनीला तेव्हा कशाचीच शुद्ध नव्हती. ते काम धाकट्या दिराने अंगावर घेतलं.

काही वर्षांनी या दिराने निवडक पाहुण्यांसाठी वाइन चाखण्याचं जेवण ठेवलं. घरची माणसं दिसली पाहिजेत, म्हणून वहिनीलाही टेबलाशी बसवलं. पाहुणे ग्लासात नाक खुपसत, वाइन तोंडात खळखळवत आणि मधल्या बादलीत थुंकत. ही रीत तिला नवी नव्हती. पण समोरच्या जाड्या गृहस्थाच्या हनुवटीवरून ओघळणारी लाल लाळ पाहून तिला घास गिळवेना.

शेवटची बाटली दिराने स्वतः उघडली. लेबलवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता. दिराने डोळ्यांना रुमाल लावला आणि सांगितलं, की ही दादाच्या शेवटच्या टाकीतली वाइन; याच टाकीवर काम करताना दादा गेला.

वहिनीला आधी उमजेचना. मग एकदम उमजलं. कोपऱ्यातली पिंपं दिराने 'खास राखीव' म्हणून तिच्यावर सोपवली होती. इतकी वर्षं ती निगुतीने सांभाळत आली, चाखत आली, गिळत आली. छान मुरतेय म्हणून कौतुकही करून झालं होतं.

ती उभी राहिली. म्हणाली, "टाकीवर नाही, टाकीत गेला. याच रसात पडला होता तो."

एका बाईने ग्लास दूर सारला. आता बाकीचेही ठेवतील, असं वहिनीला वाटलं. पण जाड्या गृहस्थाने ग्लास उजेडात धरला, आणखी एक घोट घेतला आणि या खेपेला थुंकला नाही.

"म्हणजे अशी दुसरी मिळायचीच नाही," तो म्हणाला आणि किती माल उरलाय ते दिराला विचारू लागला. वहिनीची नजर चुकवत दिराने सांगितलं, की बरीच पिंपं आहेत अजून.

वहिनी तळघरात गेली. मोरीवर बसून भडाभडा ओकली. मग तोंड धुतलं आणि राखीव पिंपांच्या तोट्या एकेक करून उघडल्या. वरती पुन्हा हसणं सुरू झालं होतं. दीर धावत आला तोवर वाइन त्याच्या बुटांपर्यंत पोचली होती.

"वहिनी, वेड लागलंय का तुम्हाला?"

"तुम्ही तेव्हा करायचं होतं, ते मी आता केलं," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तिने ते घर सोडलं. आता ती एका धोब्याकडे इस्त्री करते. भरून ठेवलेल्या बाटल्या मात्र दिराने विकल्याच, आणि त्या जाड्या गृहस्थाने बऱ्याचशा नेल्या. नवऱ्याची आठवण काढायला गेलं की तिच्या जिभेवर आधी ती चव येते. मग ती चूळ भरते, आणि आठवण राहून जाते.