मक्यामागचा गहू

आई गेली आणि चार दिवसांत तिची देवी झाली, आणि लेकीचं डोकं नेमकं तिथंच फिरलं.

भेटायला येणारा प्रत्येक जण पुढच्या खोलीत बसायचा, पाण्याचा पेला हातात घ्यायचा आणि तेच ते म्हणायचा. काय स्वभाव होता, कधी कुणाला वर तोंड करून बोलली नाही. अहो, कोण? पिठाची गिरणी चालवणारी ही बाई? जिचा आवाज पट्ट्याच्या खडखडाटाला पुरून उरायचा आणि चौकापर्यंत जायचा? हेडमास्तर एकदा डबा घेऊन रांगेत घुसले, तर "मागे व्हा, नाहीतर तुमचंच पीठ करीन" असं सगळ्यांदेखत सुनावलं होतं तिनं. तेच हेडमास्तर आता समोर बसून म्हणत होते, "फार मृदू बोलायच्या हो."

"तुम्हाला झापलं होतं तिनं, सर."

"छे छे, तसं काही आठवत नाही," हेडमास्तर म्हणाले आणि पेल्यात बघायला लागले.

आत्यानं तिला दंडाला धरून आत नेलं. "गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं गं."

"मी चांगलंच बोलतेय. ती भांडायची, हेच तर चांगलं होतं. तुम्ही सगळे जिचं कौतुक करताय ती बाई मी कधी बघितलीच नाही, आत्या. एकाला तरी माझी आई आठवतेय का?"

"दमलीयेस तू. जरा पड."

पडतेय कसली. ती तरातरा मागच्या गिरणीत गेली.

तिथं डबे रांगेत उभे होते, आईनं लावले होते तसेच. इतक्या दिवसांत मागायला कुणी धजावलं नव्हतं. खुंटीवर तिचं डोक्याला बांधायचं फडकं, अजून पीठ लागलेलं. दर डब्याचं पीठ ती अंगठ्यानं बोटावर चोळून बघायची, नाक मुरडायची आणि मग घरच्यांची चौकशी करायची, ती पण ओरडूनच. कुणाचं काय बिनसलंय ते सगळ्या रांगेला कळायचं.

मागच्या दारात शेजारची काकू उभी होती. तिचं आणि आईचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, भेटायलासुद्धा फिरकली नव्हती.

"माझा डबा," काकू म्हणाली. "घरात पीठ नाहीये."

"आधी तुम्ही पण सांगून टाका, आई किती गोड होती ते."

"गोड? तुझी आई?" काकूनं नाक उडवलं. "एक नंबरची भांडकुदळ. माझ्या गव्हात एकदा खडा निघाला, जात्याचा टवका उडाला, तेव्हापासून दर खेपेला माझा गहू मुद्दाम मक्यामागे लावायची. मक्याचं उरलंसुरलं सगळं माझ्या डब्यात. वर्षानुवर्षं पिवळं पीठ खातोय आम्ही."

"मग दुसऱ्या गिरणीत जायचं."

"गेले होते. तो मेला तोंडच उघडत नाही. दळतो आणि गप्प."

लेकीला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी. काकूनं तिकडे लक्षच दिलं नाही. तिनं रांगेकडे बोट दाखवलं. पहिला डबा मामाच्या मक्याचा. त्याच्या मागे काकूचा गहू.

"बघ. जाता जाता पण लावून गेली. आता तू तरी पुढे घे."

"घे गं," मागून आलेली आत्या म्हणाली. "एवढ्याशावरून कशाला."

लेकीनं डोळे पुसले, फडकं काढून डोक्याला बांधलं, मामाचा डबा उचलून गिरणीत ओतला आणि बटण दाबलं. पट्टा धडधडला. पुढच्या खोलीतली कुजबुज बंद पडली.

"रांग आईनं लावलीय," ती खच्चून ओरडली. "आधी मका!"

काकू काहीतरी बोलली.

"मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही!"

काकूनं पायरीवर बसकण मारली, आणि तिचा आवाज पण चौकापर्यंत गेला असणार. "मधे जातं तरी झाडून घे, कार्टे!"

"बघते," लेक म्हणाली, आणि झाडलं नाही.