जिवंत माणसाची घागर

धरणगाव स्टेशनवर मला पोचवायला फक्त मोठा भाऊ आला. आबा, म्हणजे आमचे वडील, सकाळीच बैल सोडून कपाशीत गेले होते. निघताना दारातून एवढंच बोलले, "चेंडूले लाथा मारीसन कोनं पोट भरस रे?" ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. गोव्यातल्या एका खाण कंपनीच्या फुटबॉल संघानं मला भुसावळच्या मैदानावर हेरलं होतं. तुमच्यातले जे घर सोडून गेलेत त्यांना माहीत आहे, गाडी हलली की रडू येत नाही, भूक लागते. भावानं दिलेली कळण्याची भाकरी मी पाळधी स्टेशन यायच्या आत संपवली.

मडगावात मी लेफ्ट हाफ. तिथली पोरं मला 'घाटी' म्हणायची आणि मॅच जिंकली की गळ्यात पडायची. उकडा भात, पाव, सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, कढी, सगळं अंगवळणी पडलं. आबा बोलावणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून सुट्टीतही मी गेलो नाही. मग एका टॅकलमध्ये गुडघा गेला. मॅनेजर म्हणाला, "बारक्या पोरांचा कोच हो, नाहीतर घरी जा." मला कोच व्हायचं नव्हतं. घर हवं होतं, आबांनी 'ये' म्हणायला हवं होतं, बस.

न बोलावताच घरी पोचलो तो दिवस नेमका आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. आमच्याकडं त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर खरबूज नि सांजोरी ठेवतात, निखाऱ्यावर आगारीचा घास टाकतात. एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. देवळीखाली आजोबांची घागर होती. शेजारी एक कोरी, लहान. आबा तिच्यापुढं बसून नाव घेत होते. माझं!

दारात मी, पट्टी बांधलेला पाय घेऊन. माय किंचाळली. आबांनी मान वर केली, मला नीट न्याहाळलं आणि घास निखाऱ्यावर टाकलाच. मग वहिनीला म्हणाले, "ऊनाच शे ते त्यालेच पितर बसाडा."

आलोच आहे तर मलाच पितर बसवायचं! अरे, काय माणूस होता! त्यांनी स्वतः माझे पाय धुतले, कपाळाला गंध लावलं. मी जेवलो. दोन दिवसांचा उपाशी होतो, लाज गेली चुलीत. पुरणपोळी होती, आमरस होता. हात धुतल्यावर आबांनी विडा दिला आणि दाराकडं बोट केलं. जेवलेलं पितर घरात थांबत नाही.

मडगावला परतून मी कोच झालो. चांगला झालो, कारण मला कुणाची दया येत नाही. लंगडत आलेल्या पोराला मी सगळ्यांसमोर बाहेर काढतो, त्याच्या बापाला फोन करतो, 'घेऊन जा' म्हणतो. पोरं मागून शिव्या घालतात. घालू देत.

आबा गेल्याचं मला तेराव्यानंतर कळवलं. मेलेल्या माणसाचा खांदा त्यांना नको होता, तसं सांगूनच ठेवलं होतं त्यांनी. पुढची आखाजी जवळ आली तेव्हा मायनं एसटीडी बूथवरून फोन केला. रडत होती. म्हणाली, "आते तुनी घागर नही भरनार मी. तू घर ये, बेटा."

किती वर्षं हे ऐकायला थांबलो होतो. आणि ऐकलं तेव्हा आत काहीच हललं नाही.

"भर, माय," मी म्हणालो. "बंद नको करू. त्या घरमा मना नावनं तेवढंच शे."