शिट्टीसाहेबाच्या बाबांचा तंबू

त्याला सगळे शिट्टीसाहेब म्हणत, आणि तो साहेब मुळीच नव्हता. तळ्याकाठच्या राखीव रानाचा तो रखवालदार. खाकी शर्ट, गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी, आणि ती वाजवायला कारण लागायचंच असं नाही. रान सरकारी, म्हणजे सगळ्यांचं. कुणीही यावं, तंबू ठोकावा, पक्षी बघावेत आणि पंधरा दिवसांत गाशा गुंडाळावा. फाटकाशी ही भली मोठी पाटी होती, तिच्यावर नियम. झाडाला दोरी बांधून कपडे वाळत घालू नयेत, पाखरांना खायला घालू नये, असं बरंच काही. लोक मात्र लोकच. जाताना आपल्या जागेवर बादली पालथी घालून ठेवायचे, म्हणजे पुन्हा आल्यावर जागा आपलीच. शिट्टीसाहेब त्या बादल्या उचलून आणायचा. चौकीमागे बादल्यांचा ढीग झाला होता, आणि कुणी आपली बादली न्यायला आला की हा त्याला आधी सगळी पाटी मोठ्यानं वाचायला लावायचा.

अशा माणसाचे वडील एका सकाळी त्याच फाटकातून तंबू घेऊन आत आले.

बाबा शिंपी. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली होती, हात मात्र थांबला नव्हता. गेला महिनाभर ते आपल्या खोलीत जाड कापड शिवत बसलेले दिसायचे. घरच्यांना वाटलं, स्कूटरचं कव्हर असेल. कव्हर कसलं, चांगला दोन खिडक्यांचा तंबू निघाला, आतून चष्म्याला वेगळा खिसा, काडेपेटीला वेगळा. आदल्या संध्याकाळी घरात फार काही झालंही नव्हतं. बाबांच्या चपला दारात जरा आडव्या राहिल्या, आणि लेक नेहमीच्या सुरात म्हणाला, "बाबा, चपला." बाबांनी चपला सरळ केल्या आणि जेवून झोपले. सकाळी खोली रिकामी.

सूनबाईनं नवऱ्याला डबा देताना एवढंच सांगितलं, की बाबा घरी यायला हवेत, कसे आणायचे ते तुम्ही बघा, आणि शिट्टी वाजवून ते यायचे नाहीत. शिट्टीसाहेबालाही बाबा घरी हवेच होते. आई गेल्यापासून बाबा त्याच्याजवळ होते, त्यांच्याशिवाय घर त्याला ठाऊकच नव्हतं. पण हे तोंडानं म्हणेल तर तो शिट्टीसाहेब कसला? त्यानं मनाशी ठरवलं, आपण कशाला विनवण्या करा, पंधरा दिवस भरले की नियमच बाबांना घरी आणून सोडेल.

तोवर निदान एखादी चूक सापडावी म्हणून तो टेप घेऊन तंबूभोवती घिरट्या घालू लागला. चूल पाण्यापासून लांब आहे का? आहे. कचऱ्याच्या डब्याला झाकण? घट्ट. बाबा तर रोज सकाळी फाटकाशी येऊन, चष्मा लावून, पाटी वाचून जात, जशी काही ती रात्रीतून बदलणार होती. चार दिवसांत तंबूसमोर माणसांची ही गर्दी. कुणाची चेन अडकलेली, कुणाची पँट लांब झालेली. बाबा सुईदोरा घेऊन मध्ये बसलेले. शिट्टीसाहेब धावतच आला, इथं धंदा करायला बंदी आहे म्हणाला. बाबा म्हणाले, धंदा कुठला, मी फक्त गप्पा घेतो. सगळे हसले. ह्यानं जाऊन पाटी पुन्हा वाचली. गप्पांबद्दल तिच्यावर काही नव्हतं.

शेवटी मुदत भरली. घरी सूनबाईनं बाबांची गादी उन्हात घालून ठेवली, नातीनं आजोबांच्या खोलीचा केर काढला. शिट्टीसाहेब बूट पॉलिश करून तळ्याकाठी पोचला, आणि पाहतो तर बाबा तंबूबाहेर स्टुलावर, ओठांवर बोट ठेवून बसलेले. डोक्यावर एक टिटवी कर्कश ओरडत फिरत होती. तंबूच्या खुंटीपासून वीतभर अंतरावर, खड्यांमध्ये, खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची चार अंडी.

"आता काय करायचं?" बाबांनी हळूच विचारलं.

काय करायचं ते शिट्टीसाहेबाला पाठ होतं. घरट्याजवळ तंबू ठोकू नये, आणि आधीचा असल्यास पिल्लं निघून जाईपर्यंत हलवू नये. एकदा कुणीतरी घाईनं तंबू पाडताना अंडी चिरडली होती, त्या दिवशी ह्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. वरच्या साहेबांच्या मागे लागून ही ओळ पाटीवर घालून घेणारा दुसरा कुणी नव्हता, हाच होता.

"नियम काय म्हणतो?" बाबा म्हणाले. "जा, आधी पाटी मोठ्यानं वाच बघू."

आणि सांगायला मजा वाटते, पण तो खरंच गेला आणि वाचून आला. मग त्यानं वरच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, नियम तो नियम, तंबू तिथंच राहू दे, आणि हो, संध्याकाळी तिकडे मुंगसं फिरतात, तेव्हा तुम्ही स्वतः घरट्यापाशी बसत जा.

झालं! बापाला हाकलायला आलेला लेक रोज संध्याकाळी बापाच्या तंबूपाशी पहाऱ्याला बसू लागला. पहिले काही दिवस दोघं नुसते तळ्याकडे बघत बसले. मग बाबांनी चहा पुढे केला. मग लेकानं शर्टाचं तुटलेलं बटण पुढे केलं, जे घरी कधी केलं नसतं. शिट्टी वाजवायची सोय नव्हती, टिटवी बिथरली असती. त्यामुळे त्याला बोलावंच लागायचं, तेही हळू आवाजात. असं त्यानं बऱ्याच वर्षांत कुणाशी बोलून पाहिलं नव्हतं.

एका संध्याकाळी त्यानं विचारलंच, "बाबा, घरी काय कमी होतं तुम्हाला?"

"कमी काही नव्हतं," बाबा बटणाला शेवटचा टाका घालत म्हणाले. "इथं पाटी आहे रे. एकदा वाचली की माणूस मोकळा. तुझ्या घरात पाटी नाही. रोज उठून अंदाज करायचा, आज आपलं काय चुकणार."

त्यांनी दातानं दोरा तोडला. शिट्टीसाहेबाच्या मनाला ते फार लागलं. 'तुझ्या घरात' हे तर जास्तच लागलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि आपलं घर म्हणा हो बाबा, असं म्हणायचं होतं, पण त्यानं नुसतं बटण लावून पाहिलं.

पुढे अंडी फुटली. कापसाच्या बोळ्यांएवढी चार पिल्लं दिवसभरात उंच पायांवर तुरुतुरु धावत आईमागे गवतात गेली. दुसऱ्या दिवशी लेक आला तेव्हा बाबांनी तंबू उतरवून घडी घातली होती. घरी येणार का, हे विचारायची त्याला हिंमत होईना, कारण शेजारच्या तंबूवाल्यानं त्याला सांगितलं होतं, की तुमचे बाबा डोंगरापलीकडच्या रानाची चौकशी करत होते, तिथंही पंधरा दिवस मिळतात म्हणे. ज्या नियमावर तो विसंबला होता, तोच आता बाबांना पुढच्या रानात धाडणार होता. त्यानं गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

"बाबा, घरी चला ना," तो म्हणाला. "माझं चुकलं."

बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तंबूचं जड टोक त्याच्या हातात दिलं आणि हलकं स्वतः धरलं. दोन पावलं गेले, थांबले, मागे वळले, आणि आपली हिरवी बादली तंबूच्या जागेवर मधोमध पालथी घालून आले.

शिट्टीसाहेबाचा हात सवयीनं गळ्याकडे गेला. तिथं नुसती बटणं होती. बादली तशीच ठेवून तो तंबूचं टोक धरून बाबांच्या मागे चालू लागला.

ती बादली अजून तिथं आहे. बाकीच्यांच्या बादल्या तो आजही उचलतो, आणि लोक भांडायला येतात, की मग ती हिरवी का नाही उचलत? साहेबांनीही एकदा विचारलं. ती माझ्या बाबांची आहे, असं तो सांगतो आणि जरा ओशाळतो. रोज संध्याकाळी ड्यूटी संपली की तो तिथं जाऊन ती पालथीच आहे ना ते बघतो, मग घरी येतो. दारात बाबांच्या चपला आडव्या पडलेल्या असतात. तो त्या ओलांडून आत जातो.