सूर्यापेक्षा गरम तेल

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. भोसरीतल्या आमच्या इंजिनांच्या कारखान्यात संगणक आला आणि आधी त्याच्यासाठी एसीची खोली बांधली गेली. आम्हा माणसांना एक पंखा मिळवायला युनियनला अकरा दिवस घोषणा द्याव्या लागल्या होत्या. या लोखंडी जावयाला गारवा न मागता मिळाला. आत जायचं तर चपला बाहेर काढून. काही कामगार दारातूनच नमस्कार करत. एकाने तर समोर साखर ठेवली होती. ती मी खाल्ली.

कारण त्या देवळाचा पुजारी मीच. सी नावाची भाषा मी एका झेरॉक्स बाडावरून शिकलो होतो आणि लोणावळ्यापासून शिरूरपर्यंत ती येणारा मी एकटाच, असं संत तुकाराम नगरच्या आमच्या खोलीत रोज सांगत असे. खोडून काढणारं कोणी भेटलं नाही, म्हणजे ते खरंच असणार.

इंजिनं चालवून पाहायचं काम एका जुन्या तपासनिसाकडे होतं. मावळातला माणूस. चालत्या इंजिनावर तळवा ठेवायचा आणि तेल किती गरम झालंय ते सांगायचा. पारा त्याला विचारून वर चढतो, असं आम्ही म्हणायचो. इंजिन पसंत पडलं की खिशातून पोलादी पंच, म्हणजे आकड्याचा ठसा, काढायचा आणि हातोडीच्या एका घावात इंजिनावर सातचा आकडा उठवायचा. सात म्हणजे तो. ज्याचा पंच त्यानेच वापरायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. पंच काढून घेणं म्हणजे भर वर्कशॉपमध्ये धोतर फेडण्यासारखं.

कारखान्याच्या साहेबांनी टेस्ट बेंचवर, म्हणजे इंजिन चालवून पाहायच्या चौथऱ्यावर, एक पेटी बसवली. ती इंजिनाची गरमी आणि वेग टेपवर उतरवायची, माझा प्रोग्रॅम ते वाचून नुसतं ‘पास’ किंवा ‘नापास’ छापायचा. तपासनिसाच्या हाताखालून गेलेली चाळीस इंजिनं पहिल्याच दिवशी पेटीनेही तपासली. चाळीसच्या चाळीस नापास.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी कागद पाहिला आणि तपासनिसाला बोलावलं. “बारा वाजता पंच माझ्या टेबलावर. उद्यापासून स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजा.” इतक्या महागाचं यंत्र चुकेल कसं, हा त्यांचा सवाल. मलाही तेच वाटत होतं.

अकराच्या सुमारास तपासनीस बूट काढून माझ्याकडे संगणकाच्या खोलीत आला.

“इंजिनियर, येवढंच सांगा. तेल किती गरम झालं म्हनतंय तुमचं यंत्र?”

ते मी कधी छापूनच पाहिलं नव्हतं. पहिल्या इंजिनाचे आकडे काढायला लावले. प्रिंटर करकरला. मी वाचलं, “तेवीस हजार पाचशे त्रेसष्ट.”

“अंश?”

“अंश.”

“आन् सूर्य किती असतोय?”

“साडेपाच हजार असेल.”

तपासनिसाने स्वतःचा तळवा उलटसुलट करून पाहिला. “मंग ह्यो हात ऱ्हायला कसा, राव?”

खालच्या ओळीत तीन हजार. त्याखाली शून्याच्या खाली अठरा हजार चारशे एकोणतीस. म्हणजे तेल सूर्यातून निघून थेट हिमालयाच्याही पलीकडे. मग सातशे अडुसष्ट. मग ब्याण्णव.

“ब्याण्णव! ह्ये माझं हाय,” तो ओरडला. “तवाच बोललो व्हतो मी, ब्याण्णव.”

पुढे पुन्हा तेवीस हजार. दर पाचवी ओळ तेवढी बरोबर. एसीत मला घाम फुटला.

पेटी प्रत्येक वेळी टेपवर पाच बाइट, म्हणजे आकड्यांचे पाच कप्पे, लिहायची: एक बेंच नंबरचा, दोन गरमीचे, दोन वेगाचे, खेटून. माझ्या प्रोग्रॅममध्येही तेच तीन रकाने होते. पण आमच्या संगणकाला दोन बाइटचा आकडा सम नंबरच्या जागेवरच लागायचा. म्हणून कंपायलर, म्हणजे माझ्या सीचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम, बेंच नंबरशेजारी एक जागा रिकामी सोडायचा, कंपनीच्या बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात तशी. पाचाचे झाले सहा. प्रत्येक ओळ एका जागेने सरकत गेली आणि पाच ओळींनी फिरून गरमी-वेग आपल्या जागी. चाचणीत हे कळलं नाही, कारण चाचणीचा टेप मी याच संगणकावर बनवला होता. रुमालही माझाच, बसणाराही मीच. स्वतः पेपर काढून स्वतःच तपासल्यावर शंभर गुण मिळायचेच.

रुमाल काढायला लावणारा हुकूमच त्या कंपायलरला कळत नव्हता. मी मोठे आकडेच मोडले, सगळे सुटे बाइट केले. सुट्या बाइटला कुठलीही जागा चालते. वाचून झाल्यावर जोडीतल्या पहिल्याला दोनशे छप्पन्नने गुणून दुसरा मिळवायचा, की मूळ आकडा परत. कंपाइल व्हायला दोन चहा लागले. बाराला पाच कमी असताना कागद बाहेर आला. एकोणचाळीस पास, एक नापास, तेल एकशे अठरा.

आम्ही दोघे साहेबांकडे. तपासनीस अनवाणीच.

“साहेब, चूक इंजिनांची नव्हती.”

“संगणकाची?”

जीभ ‘हो’ म्हणायला अगदी टपली होती. माझी नोकरी कच्ची, अजून प्रोबेशनवर. पण शेजारी तो पंच मुठीत धरून उभा होता. “माझी,” मी म्हणालो.

साहेबांनी कागद वाचला. “तरी एक नापास आहेच की. त्यावर यांनी शिक्का मारलाच ना?”

“बारा नंबरचं ना?” तपासनीस म्हणाला. “चला, दावतो.”

शॉपच्या कोपऱ्यात, दुरुस्तीच्या इंजिनांत, ते बारा नंबरचं उभं होतं. साहेबांनी वाकून चारही बाजू पाहिल्या, बोट फिरवून पाहिलं. सातचा आकडा कुठेच नव्हता.

“कालच बाजूला काढलंय त्ये. हाताला चटका बसला,” तपासनीस म्हणाला.

साहेब सरळ झाले, रुमालाने बोट पुसलं. “पंच ठेवा तुमच्याकडेच.” मग माझ्याकडे वळले. “आणि तुम्ही. यापुढे तुमच्या प्रत्येक कागदावर आधी यांची सही, मग तुमची.”

दोन वर्षं मी सही मागायला टेस्ट बेंचवर जात होतो. तपासनीस कागदाकडे बघायचाही नाही. आधी माझा हात धरून चालत्या इंजिनावर टेकवायचा. “सांगा, किती?” मी अंदाज सांगायचो, तो हसायचा, आणि मग सही करायचा.